‘बॉनफायर’मधलं ‘बॉन’ कुठलं? इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती स्वतः शोधणाऱ्यांसाठी

इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती हवी असेल तर मोबाइलवर दहा सेकंदांत मिळते. ती खरी की कुणीतरी जुळवलेली, हे मात्र कळत नाही. भाषांतराच्या कामात मला हे वरचेवर तपासावं लागतं. हे कुणी नीट शिकवत नाही, शब्दकोशांची प्रस्तावना वाचायला कुणाला वेळ नसतो, म्हणून कामाची पद्धत इथे मांडते. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेत समासाचा विग्रह करायला शिकलात ना, तेवढं भांडवल पुरेसं आहे.

उदाहरणाला एकच शब्द शेवटपर्यंत धरू: बॉनफायर. रिसॉर्टच्या जाहिरातीत असतो, शाळेच्या सहलीच्या पत्रकात असतो. लंडन-लीड्सकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ५ नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’मुळे तो दरवर्षी भेटतो. (१६०५ साली पार्लमेंट दारूगोळ्याने उडवण्याचा कट फसला, त्याची ती आठवण.) या शब्दाबद्दल तीन गोष्टी फिरत असतात. एक, फ्रेंच ‘बॉन’ म्हणजे चांगला, म्हणून बॉनफायर म्हणजे शुभ अग्नी. दोन, यातलं ‘बॉन’ हे ‘बोन’, म्हणजे हाड. तीन, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात संतांच्या अस्थी जाळल्या, तिथून हा शब्द निघाला. तिन्ही ऐकायला पटतात. आता बघू कोण टिकतं.

हाताशी काय हवं

- एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ. फुकट आहे, सुरुवातीला उत्तम. पण इथे थांबायचं नाही.
- मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन कोश. व्युत्पत्ती एका ओळीत देतो, पण जपून देतो.
- मिशिगन विद्यापीठाची ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’. पूर्ण फुकट. साधारण ११०० ते १५०० या काळातली उदाहरणं जुन्या स्पेलिंगसकट मिळतात.
- ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याला सगळे ओईडी म्हणतात. आजची आवृत्ती पैसे भरून वाचावी लागते. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का ते आधी विचारा. नसेल तर १८८४ ते १९२८ या काळात छापलेली पहिली आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली आहे. जुन्या शब्दांसाठी ती भरपूर होते.
- सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश. हाही ऑनलाइन आहे.
- एक वही. चार रकाने आखा: साल, स्पेलिंग, अर्थ, कुठे सापडलं. वहीऐवजी एक्सेल चालेल, पण रकाने हवेतच.

खुणा आधीच पाठ करा, नाहीतर कोश उघडून लगेच मिटाल. ‘ओई’ म्हणजे जुनी इंग्रजी, ढोबळमानाने ११५० पूर्वीची. ‘एमई’ म्हणजे मधली इंग्रजी. ‘ओएफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. सालाआधी ‘सी’ हे अक्षर असेल तर ‘सुमारे’ आणि ‘ए’ असेल तर ‘त्यापूर्वी’. खंजिरासारखी खूण म्हणजे तो शब्द किंवा अर्थ आता वापरात नाही. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, विद्वानांनी तर्काने बांधलेलं आहे. बरेच लोक नेमका तारा गाळून पुढे पाठवतात!

१. आजचा अर्थ बाजूला ठेवा

वहीत पहिल्या ओळीत आजचा अर्थ लिहा: उघड्यावर पेटवलेली मोठी आग, बहुधा आनंदासाठी. त्याखाली रेघ मारा आणि इथून पुढे त्या अर्थाकडे बघू नका. आज बॉनफायर आनंदाचा आहे म्हणून त्यातला ‘बॉन’ चांगला असणार, हा विचार उलट्या दिशेचा आहे. जॉन्सनसारखा जॉन्सनही त्यात सापडला. ते पुढे येईलच.

२. विग्रह मांडा, एक नव्हे, सगळे

जोडशब्द असेल तर आपल्याला एक फायदा आहे. समासाचे प्रकार आपल्याकडे शाळेतच पाठ करून घेतात. तेच इथे लावा.

‘चांगली अशी आग’ असा विग्रह केला तर हा कर्मधारय: पहिलं पद विशेषण, दुसरं नाम. ‘हाडांची आग’ असा केला तर षष्ठी तत्पुरुष. दोन्हींत मुख्य पद ‘फायर’च आहे, भांडण फक्त पहिल्या पदाचं आहे.

तिसऱ्या तऱ्हेचे समासही इंग्रजीत आहेत. ‘स्पिटफायर’ घ्या. थुंकायला लावलेली आग नव्हे, तर आग थुंकणारा. ‘पिकपॉकेट’ आणि ‘कटथ्रोट’ याच साच्यातले. तिथे आग हे कर्म आहे आणि करणारा शब्दाबाहेर उभा आहे. तुमचा शब्द या साच्यात बसतो का हेही तपासून घ्या. बॉनफायर बसत नाही, कारण ‘बॉन’ नावाचं सोयीचं क्रियापद नाही.

इथे एक सावधगिरी. फ्रेंच पद आणि इंग्रजी पद जोडलं जाऊच शकत नाही, असं म्हणून ‘शुभ अग्नी’ लगेच उडवून लावू नका. ‘जंटलमन’ हा तसाच जोड आहे: ‘जंटल’ फ्रेंचातून आलेलं, ‘मन’ अस्सल इंग्रजी. म्हणजे भेसळ हा पुरावा नव्हे. फ्रेंच लोक स्वतः अशा आगीला ‘फ द ज्वा’, म्हणजे आनंदाची आग म्हणतात, ‘बॉन’ लावत नाहीत. हा मुद्दा थोडा वजनदार आहे. पण निकाल यावरही लागत नाही. निकाल जुन्या कागदांवर लागतो.

३. जुनी स्पेलिंगं गोळा करा

नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आजचं स्पेलिंग टाकून जुनी पुस्तकं शोधली तर हाती काहीच लागत नाही, आणि मग ‘शब्द नवीनच आहे’ असा निष्कर्ष निघतो. बॉनफायरसाठी निदान हे शोधा: ‘बोनफायर’ (बोनमधला शेवटचा ‘ई’ ठेवून), ‘बेनफायर’, आणि दोन्हींत ‘फायर’मधल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’. मध्ये जोडरेघ असलेलं आणि दोन सुटे शब्द केलेलं, तेही.

‘बेनफायर’ बघून दचकू नका. जुन्या इंग्रजीत हाडाला दीर्घ आकाराचा ‘बान’ होता. दक्षिणेत त्याचा ‘बोन’ झाला, उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात ‘बेन’. हे एकट्या शब्दापुरतं नाही: दक्षिणेत ‘स्टोन’, उत्तरेत ‘स्टेन’, दक्षिणेत ‘होम’, उत्तरेत ‘हेम’. अशी रांग लागली की समजायचं, बदल नियमाने झालेला आहे. इंग्रजीत दुसरा एक ‘बेन’ आहे, ज्याचा अर्थ घातक गोष्ट, कर्दनकाळ. तो मूळचा ‘मारेकरी’ या अर्थाचा वेगळाच शब्द. त्याला इथे आणून ‘मृत्यूची आग’ वगैरे करू नका.

जुने छापील स्कॅन चाळताना आणखी एक गोष्ट छळते. अठराव्या शतकापर्यंतच्या पुस्तकांत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढलेला असतो आणि हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो, फक्त मधली आडवी रेघ पूर्ण नसते. संगणकही फसतो आणि त्याला ‘एफ’ म्हणून नोंदवतो. म्हणून ‘एस’ असलेला शब्द शोधून मिळाला नाही तर त्याजागी ‘एफ’ टाकून पुन्हा शोधा. वेडगळ वाटतं, पण सापडतं.

४. सर्वात जुना साक्षीदार उभा करा

आता मुख्य काम. १४८३ साली तयार झालेला ‘कॅथॉलिकॉन अँग्लिकम’ नावाचा इंग्रजी-लॅटिन शब्दसंग्रह आहे, उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. त्यात ‘बेनफायर’ची नोंद आहे आणि समोर लॅटिन अर्थ दोन शब्दांत दिला आहे: ‘इग्निस ऑसियम’.

हे दोन शब्द सावकाश बघा. ‘इग्निस’ म्हणजे अग्नी. ‘ऑस’ म्हणजे हाड, आणि ‘ऑसियम’ हे त्याचं षष्ठीचं अनेकवचन: हाडांचा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासाठी विग्रह करून, विभक्तीप्रत्ययासकट लिहून ठेवला आहे. षष्ठी तत्पुरुष. कर्मधारयाला जागाच उरत नाही.

तरी एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. शब्दसंग्रह करणाऱ्यानेही ऐकीव अर्थ लावला असेल, अशी शंका कुणी काढू शकतं. म्हणून दुसरा शोधायचा, आणि तो पहिल्यावर अवलंबून नसलेला हवा. तो मिळतो चर्चमधल्या प्रवचनात. पंधराव्या शतकातल्या, सेंट जॉनच्या सणाच्या इंग्रजी प्रवचनात सांगितलं आहे की त्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे २३ जूनला, लोक तीन प्रकारच्या आगी पेटवत. पहिली निव्वळ हाडांची, लाकूड अजिबात नाही. ती ‘बोन फायर’. दुसरी निव्वळ लाकडाची, हाडं नाहीत. तिच्याभोवती बसून जागरण करायचं. तिसरी हाडं आणि लाकूड दोन्हींची, तिला सेंट जॉनची आग म्हणत.

मला हा पुरावा शब्दसंग्रहापेक्षाही जास्त पटतो. इथे शब्दाची व्याख्या करण्याचा हेतूच नाही. प्रवचनकार लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगतो आहे, आणि ‘हाडांची’ हे विशेषण ‘लाकडाची’च्या विरोधात उभं आहे. दोन आगींमध्ये फरक करायला म्हणून तो शब्द वापरला गेला.

हाडं कशाला जाळायची, हा प्रश्न पडलाच असेल. त्या काळची समजूत अशी की उन्हाळ्याच्या उष्म्यात ड्रॅगन हवेत उडतात, पाणी दूषित करतात, आणि जळत्या हाडांच्या घाणेरड्या वासाने ते पळतात. बाराव्या शतकातल्या जाँ बेलेथ या फ्रेंच धर्मपंडितानेही सेंट जॉनच्या दिवशी जनावरांची हाडं जाळण्याची प्रथा नोंदवली आहे. शब्द खरा असेल तर त्यामागे वस्तू आणि चालरीतही सापडायला हवी. इथे तीही सापडली.

एक खबरदारी: कोशात दिलेलं सर्वात जुनं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. ते फक्त हाती लागलेल्या कागदाचं साल. ‘हा शब्द १४८३ मध्ये तयार झाला’ असं कधीही लिहू नका. ‘१४८३ मध्ये आढळतो’ असं लिहा.

५. उच्चाराचा हिशेब लावा

कुणीतरी विचारणारच: हाड ‘बोन’ आहे, मग ‘बोनफायर’ का नाही? उत्तर एका ओळीचं आहे. जोडशब्दात पहिल्या पदाचा दीर्घ स्वर दोन व्यंजनांच्या धक्क्याने बरेचदा ऱ्हस्व होतो. ‘गूज’पासून ‘गॉझलिंग’, ‘वाइज’पासून ‘विझ्डम’, ‘मून’पासून ‘मंडे’, ‘हाउस’पासून ‘हझबंड’. एवढी उदाहरणं मिळाली की वहीत टिक करा आणि पुढे जा.

६. अर्थ कसा सरकला ते जोडा

मूळ सापडलं म्हणून काम संपत नाही. ‘हाडांची आग’पासून ‘आनंदाची आग’पर्यंत पोचणारा पूल दाखवता आला पाहिजे, नाहीतर ऐकणारा ‘असेल बुवा’ म्हणून सोडून देतो. आपल्या शब्दात पूल सोपा आहे: हाडांची आग सणाच्या रात्रीची होती. सण राहिला, आग राहिली, हाडं गेली. सोळाव्या शतकापासून ‘ई’ नसलेलं ‘बॉनफायर’ही दिसू लागतं आणि कुठल्याही जाहीर आनंदाच्या आगीला ते नाव मिळतं. तरी ‘बोन’ दाखवणारं जुनं स्पेलिंग साधारण १७६० पर्यंत चांगलंच वापरात होतं.

मग आला १७५५ चा जॉन्सन. त्याने ‘बॉनफायर’ हेच स्पेलिंग धरलं आणि कंसात फ्रेंच ‘बॉन’, म्हणजे चांगला, असं लिहून टाकलं. त्याच्यासमोर आनंदोत्सवाची आग होती, हाडं कुणी आणत नव्हतं, आणि ‘ई’ गळलेलं स्पेलिंग फ्रेंच शब्दासारखं दिसत होतं. आजचा अर्थ बघून मूळ ठरवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. मोठ्या माणसाने लिहिलं म्हणून ते पुढे दीडशे-दोनशे वर्षं घरोघरी गेलं. म्हणूनच कुठल्याही कोशातली व्युत्पत्ती घेताना तो कोश कोणत्या सालचा हे आधी बघायचं. जॉन्सन अर्थ आणि अवतरणांसाठी वाचावा; मुळांसाठी त्याच्यावर विसंबू नये.

आणि आता माझी आवडती नोंद. ओईडीच्या पहिल्या आवृत्तीत या शब्दाखाली बारीक टाइपात लिहिलंय की स्कॉटलंडमध्ये ‘बेनफायर’ हे रूप टिकल्यामुळे मूळ अर्थाची आठवणही जास्त काळ टिकली. हॉइक नावाच्या गावात तर ऐन उन्हाळ्यातल्या वार्षिक आगीसाठी जुनी हाडं वर्षभर साठवून ठेवत, आणि हे सुमारे १८०० पर्यंत चालू होतं. एवढ्या मोठ्या कोशात एका लहानशा गावाचं नाव कसं काय? संपादक जेम्स मरे १८३७ साली जन्मले ते डेनमला, हॉइकच्या शेजारीच, आणि तरुणपणी हॉइकच्या शाळेत शिकवायचे. ही माहिती त्यांनी गावच्याच म्हाताऱ्यांकडून ऐकली असणार असा माझा कयास. कयास म्हणूनच घ्या, वहीत ‘कुठे सापडलं’ या रकान्यात लिहू नका.

७. फिरत्या गोष्टींना साल विचारा

आठव्या हेन्रीची गोष्ट राहिली. तो गादीवर आला १५०९ मध्ये. संतांच्या अवशेषांची मोडतोड झाली ती १५३० च्या दशकात. शब्द १४८३ मध्ये लिहिलेला सापडतो. संपला विषय. नव्वद टक्के दंतकथा नुसत्या सनावळीपुढे गळतात, विद्वत्तेची गरजच पडत नाही.

मराठी शोधकासाठी एक खास खड्डा आहे. ‘इग्निस’ आणि ‘अग्नि’, ‘ऑस’ आणि ‘अस्थि’ ही साम्यं पाहून हात शिवशिवतात: ‘बघा, सगळं संस्कृतातूनच!’ साम्य खरं आहे, योगायोग नाही. पण लॅटिनने ते संस्कृतकडून घेतलेलं नाही. दोघींनी एकाच पूर्वज भाषेकडून वारशाने घेतलं. चुलत भावंडांत कुणी कुणाचा बाप नसतो. शिवाय इंग्रजीचे ‘बोन’ आणि ‘फायर’ यांचा ‘अस्थि’शी आणि ‘अग्नि’शी काही संबंध नाही. ‘बोन’चं नातं जर्मन ‘बाइन’शी, आणि जर्मनमध्ये त्याचा आजचा नेहमीचा अर्थ आहे पाय. ‘फायर’चे नातेवाईक जर्मन ‘फॉयर’ आणि ग्रीक ‘पूर’. म्हणजे ‘बेनफायर: इग्निस ऑसियम’ या एकाच नोंदीत डावीकडच्या आणि उजवीकडच्या शब्दांचं आपसांत नातं नाही, अर्थ मात्र तोच. दिसायला सारखं तेवढं सगे आणि दिसायला वेगळं तेवढं परके, हा हिशेब इथे चालत नाही.

८. नोंद लिहा

शेवटी सगळं चार-पाच ओळींत आणा. नमुना:

बॉनफायर: ‘बोन’ (हाड) + ‘फायर’ (आग), हाडांची आग. उत्तरेकडचं रूप ‘बेनफायर’, १४८३ मध्ये ‘इग्निस ऑसियम’ या लॅटिन अर्थासह आढळतं. पंधराव्या शतकातल्या प्रवचनात सेंट जॉनच्या आदल्या रात्रीच्या, निव्वळ हाडांच्या आगीला हे नाव. पुढे कोणतीही उत्सवी किंवा मोठी आग. पहिल्या पदाचा स्वर समासात ऱ्हस्व. फ्रेंच ‘बॉन’पासूनची व्युत्पत्ती (जॉन्सन, १७५५) आता मान्य नाही.

नाकारलेली व्युत्पत्तीही लिहायची, कुणाची ते सांगून. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी तीच घेऊन तुमच्याकडे येतो.

सरावासाठी दोन शब्द

‘कर्फ्यू’ घ्या. मराठीत रोजचा आहे, आणि त्यात आग आहे हे दिसतही नाही. जुन्या फ्रेंचात ‘झाक’ आणि ‘आग’ अशी दोन पदं आहेत: रात्री घंटा झाली की चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा. हा साचा ‘स्पिटफायर’चा, ‘बॉनफायर’चा नव्हे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररने ही पद्धत तिथे आणली, अशी गोष्ट तुम्हाला हमखास भेटेल. तिला सातव्या पायरीवर उभी करा.

दुसरा ‘फायरब्रँड’. आपल्या वर्तमानपत्रांत ‘फायरब्रँड नेते’ बरेच असतात. यातला ‘ब्रँड’ बाजारातला नाही. जुन्या इंग्रजीत ‘ब्रँड’ म्हणजे जळतं लाकूड, आणि ‘फायरब्रँड’ म्हणजे पेटलेलं कोलीत. डागण्याची खूण आणि मालाची छाप हे त्या शब्दाचे नंतरचे अर्थ. कोलितापासून आग लावत फिरणाऱ्या माणसापर्यंत हा शब्द कधी पोचला, ते मिडल इंग्लिश डिक्शनरीत तुम्हीच काढा. ‘एफ’ अक्षराखाली, ‘फायर’च्या जोडशब्दांत, आणि ‘आय’च्या जागी ‘वाय’ टाकायला विसरू नका.